लिस्बनला मासे कुठे खायचे, कसे मागवायचे: कोकणातून जाणाऱ्यांसाठी

लिस्बनला मासे खायचे तर आधी वार बघा. रविवारी तिथल्या बहुतेक होड्या समुद्रात जात नाहीत, त्यामुळे सोमवारी बाजारातली मासळीची बाजू बंद असते आणि हॉटेलात ताटात येतो तो शनिवारचा नाहीतर शीतपेटीतला मासा. आपल्याकडे बऱ्याच घरांत सोमवारी तसाही मासा शिजत नाही, तेव्हा हा नियम लक्षात ठेवायला सोपा आहे. त्या दिवशी भाजकी कोंबडी किंवा बाकल्याव, म्हणजे खारवलेला कॉड मासा, खा. वार पाळत असाल तर शाकाहाराचं पुढे लिहिलं आहे. ताज्या माशाचे दिवस मंगळवार ते शनिवार.

दुसरी गोष्ट घड्याळाची. दुपारचं जेवण साडेबारा ते तीन, रात्रीचं साडेसातनंतर. मधल्या वेळेत चांगल्या खानावळींच्या चुली विझलेल्या असतात. चार वाजता भूक लागली म्हणून जे उघडं दिसेल तिथे शिरलात तर पर्यटकांसाठी दिवसभर चालणारं, गरम करून वाढलेलं जेवण मिळेल, तेही दीडपट दराने. स्थानिक मंडळी एक वाजता येतात. तुम्ही सव्वाबारा-साडेबाराला दारात असाल तर आगाऊ सांगून न ठेवताही जागा मिळते. सव्वाला पोहोचलात तर पाऊण तास फुटपाथवर. ऑगस्टमध्ये घरगुती खानावळी दोन-तीन आठवडे सुट्टीवर जातात, दाराला चिठ्ठी लावून.

खानावळ ओळखायची कशी

अशा खानावळीला तिथे ताश्का म्हणतात. काचेवर हाताने लिहिलेला कागद चिकटवलेला असतो, त्यावर पाच-सहा पदार्थ. कागद रोज बदलतो. आत टीव्ही चालू, काउंटरवर उभं राहून सूप पिणारे कामगार, टेबलावर कापडाऐवजी कागद. त्या कागदावरचं ‘प्रातु दु दिया’, म्हणजे त्या दिवसाचं ताट, हेच मागवा. साधारण ९ ते १३ युरोत ताट येतं. काही ठिकाणी त्याच पैशांत सूप, पेय आणि कॉफीही धरलेली असते, हे बसण्याआधी विचारून घ्या. हिशेबाला एक युरो म्हणजे शंभर रुपये धरा.

याउलट, दारात उभा राहून हात धरून आत बोलावणारा माणूस आणि सहा भाषांतलं फोटोंचं मेनूकार्ड दिसलं की पुढे चला. रुआ आउगुश्ता आणि रुआ दाश पोर्ताश द सांतु आंताँव या दोन रस्त्यांवर असे पुष्कळ भेटतील. गंमत म्हणजे त्याच दुसऱ्या रस्त्यावर ५८ क्रमांकाच्या दारामागे काझा दु आलेंतेजु आहे. बाहेरून काही कळत नाही, जिना चढून गेलात की अरबी धाटणीचा चौक लागतो. वरती टेबलाचं जेवण, खाली साधी ताव्हेर्ना. आलेंतेजु हा आतला, शेतीचा प्रांत. तिथल्या स्वयंपाकात कोथिंबीर आणि लसूण भरपूर, जे युरोपात इतरत्र क्वचितच सापडतं. तिथली ‘सोपा द कासाँव’ मिळाली तर सोडू नका. कासाँव म्हणजे मोरीच्या जातीचा लहान मासा. त्याचं लसूण, कोथिंबीर आणि व्हिनेगर घातलेलं पातळ कालवण, खाली पावाचे तुकडे. मोरीचं मटण आवडणाऱ्याला हे पहिल्या घासाला कळतं.

जुन्या मोउरारिया मोहल्ल्यात ‘झे दा मोउरारिया’ आणि ‘झे दुश कोर्नुश’ ही दोन नावं विचारली तर कोणीही रस्ता दाखवेल. पहिल्याची ख्याती बाकल्यावची आणि तो दुपारचाच. दुसऱ्याकडे लांब बाकं आहेत, अनोळखी माणसांच्या मांडीला मांडी लावून बसायचं. निखाऱ्यावरच्या माशासाठी ‘उल्तिमु पोर्तु’ हे अल्कांतारा बाजूचं ठिकाण आमच्या मते शहरातलं सर्वांत सरळ आहे: बंदराच्या कंटेनरांलगत टेबलं, दुपारीच उघडं, रविवारी बंद, आणि भट्टीवर काय चाललंय ते समोर दिसतं.

ताटातली मापं मोठी असतात. ‘दोज’ म्हणजे पूर्ण, ‘मेया दोज’ म्हणजे अर्धं. अर्धं एकाला पुरतं, पूर्ण दोघांना. चार माणसांनी चार पूर्ण मागवले की निम्मं टेबलावरच राहतं. भाताचे पदार्थ, म्हणजे ‘आर्रोश द मारिश्कु’ (शिंपले-कोलंबीचा) किंवा ‘आर्रोश द तांबोरिल’ (मंकफिश माशाचा), सहसा किमान दोघांसाठीच करतात आणि ऑर्डरनंतर शिजवतात, तेव्हा अर्धा तास धरा. हा भात मोकळा नसतो, रश्शात पोहत असतो. लगेच वाढून घ्या. दहा मिनिटं ठेवलात तर रस पिऊन गच्च होतो.

मासा वजनावर

निखाऱ्यावरचा अख्खा मासा किलोवर विकतात आणि पहिल्या फेरीतले बहुतेक इथेच फसतात. मेनूवर ४० असा आकडा दिसतो, लोकांना वाटतं ताट चाळीसचं. तो दर किलोचा असतो. माणशी ३५० ते ४०० ग्रॅमचा अख्खा मासा पुरे. ४०० ग्रॅमची दोरादा (सी ब्रीम), दर ४०, म्हणजे १६ युरो. आता वेटरने तुम्हाला न दाखवता दीड किलोचा रुबालु (सी बास) भट्टीवर टाकला तर ६० युरो झाले, आणि तक्रारीला जागा नाही, कारण मासा तुम्ही ‘हो’ म्हणूनच घेतलात.

म्हणून उठून बर्फाच्या पेटीपाशी जा. इथे आपली बाजारातली नजर पुरेशी आहे: डोळा फुगीर आणि स्वच्छ हवा, कल्ले उघडायला सांगायला लाजू नका, पोट दाबल्यावर खड्डा राहता कामा नये. मासा बोटाने दाखवा, ‘क्वांतु पेझा?’ विचारा आणि भाजण्याआधी काट्यावरचा आकडा बघा. दुसरा प्रश्न: ‘दु मार’ की ‘द विव्हेइरु’? पहिला समुद्रातला, दुसरा पैदाशीचा. दोरादा आणि रुबालु हे दोन्ही बहुतांश पैदाशीचे येतात. चव वाईट नसते, पण दर मात्र समुद्रातल्याचा लावू देऊ नका. सगळे एकाच मापाचे, साच्यातून काढल्यासारखे दिसले तर ते पैदाशीचेच.

पापलेट, सुरमई, हलवा विसरा; तो समुद्रच वेगळा. त्याऐवजी ओळखीचे चुलतभाऊ शोधा. काव्हाला हा बांगड्याचा नातेवाईक, स्वस्त आणि तेलकट. लिंग्वादु म्हणजे लेप, बराच मोठा आणि महाग. पेइश-इश्पादा वाकटीच्या कुळातला, पण जाड. तुकडे करून भाजतात. राया म्हणजे पाकट. लुलश आणि शोकुश या आपल्या माकुल्या. त्यातला शोकु फ्रितु, म्हणजे पिठात घोळवून तळलेल्या जाड पट्ट्या, खरा सेतुबालचा, पण लिस्बनलाही चांगला मिळतो. कोलंबी म्हणजे कामाराँव, शेवंड म्हणजे लागोश्ता, कालवं म्हणजे ओश्त्रश. आणि जाकिंझीन्युश हे नाव कागदावर दिसलं तर दुसरं काही बघूच नका: बोटाएवढे मासे अख्खे तळलेले, काट्यासकट खायचे, सोबत टोमॅटोचा ओलसर भात.

मसाला नसतो. जाडं मीठ, निखारा, वरून ऑलिव्ह तेल, बाजूला उकडलेला बटाटा. दोन दिवसांत आपल्या लोकांची कुरकुर सुरू होते की सगळं अळणी. खरं तर ताज्या माशावर मीठ-लिंबाशिवाय काही लागत नाही हे आपण घरीही म्हणतो, पण करत नाही. तिखट हवंच असेल तर पिरी-पिरी मागा, मिरचीच्या तेलाची बाटली येते. थेंबाथेंबाने घ्या, दिसते त्याहून तिखट असते.

तारल्यांचा हंगाम

सार्दिन्या म्हणजे तारलीच्या जातीचा मासा. जून ते ऑक्टोबर हा त्याचा काळ, म्हणजे आपल्या होड्या शाकारून किनाऱ्यावर ओढलेल्या असतात तेव्हा तिथे ऐन बहर. उन्हाळ्यात त्याच्या अंगात चरबी भरते, निखाऱ्यावर ठेवला की तीच चरबी त्याला भाजते आणि साल सुटून येते. हिवाळ्यात साठा टिकावा म्हणून पकडण्यावर निर्बंध असतात. तेव्हा मेनूवर भाजकी सार्दिन्या दिसली तर ती गोठवलेली समजा. गोठवलेली भाजली की पोट फुटतं, मांस कोरडं पडतं आणि काट्याला चिकटतं. अशा वेळी कारापाव, म्हणजे बांगड्यासारखा दिसणारा लहान मासा, मागवा, तो जास्त काळ चांगला मिळतो.

१२ जूनची रात्र सांतु आंतोनियुची. आल्फामा आणि मोउरारियाच्या गल्ल्यांत दारोदार शेगड्या पेटतात. पावाच्या जाड कापावर अख्खी सार्दिन्या ठेवून देतात, माशाचं तेल पावात मुरतं, आणि पाव शेवटी खायचा. खानावळीत सोबत भाजलेल्या भोपळी मिरचीचं सॅलड येतं, ते जरूर घ्या. मासा सहसा पोट न साफ करता भाजतात, म्हणून वरची बाजू उचलून खा, मग काटा डोक्यासकट ओढून काढा. पोटातलं आपोआप बाजूला राहतं. श्रावण कडक पाळणाऱ्यांनी प्रवास जूनमध्येच उरकावा, आणखी काय सांगणार.

बाकल्याव

खारवून सुकवलेला कॉड. हा मासा पोर्तुगालच्या समुद्रात मिळतच नाही, नॉर्वे-आइसलँडकडून येतो, तरी तिथलं घरोघरचं अन्न तेच. सुक्या माशावर वाढलेल्या माणसाला वास ओळखीचा, पण रीत उलटी: आपण सुका मासा तसाच भाजतो किंवा थोडा भिजवून कालवणात घालतो, ते हा जाड तुकडा २४ ते ४८ तास पाणी बदलत भिजवतात. सगळं यश त्यात आहे. कमी भिजला तर घशाला मीठ बोचतं, जास्त भिजला तर कापूस. नीट झालेल्या तुकड्याला काटा लावला की मोठ्या चकचकीत पाकळ्या सुटतात; बारीक दोरे सुटले तर तुकडा शेपटीचा किंवा जास्त शिजलेला.

पहिल्यांदा खाणाऱ्याने ‘आ ब्राश’ घ्यावा: कुसकरलेला मासा, काडीसारखा तळलेला बटाटा, कांदा आणि अंडं एकत्र परतलेलं. अंडं ओलसर हवं, भुर्जीसारखं कोरडं आलं तर ते गरम केलेलं आहे. दुसऱ्या वेळी ‘आ लागारेइरु’: जाड तुकडा भरपूर ऑलिव्ह तेल-लसणीत भाजलेला, सोबत मुठीने फोडलेले बटाटे. हाच प्रकार पोल्वुचा, म्हणजे ऑक्टोपसचाही करतात आणि तो बाकल्यावहून सरस लागतो. काउंटरवर मिळणारे ‘पाश्तेइश द बाकल्याव’ हे बटाटा-माशाचे तळलेले लांबट गोळे. मध्ये चीज भरून दुप्पट-तिप्पट दराने विकणाऱ्या झगमगीत दुकानांतून घेऊ नका. तो पर्यटकांसाठी काढलेला प्रकार आहे, आणि चीजखाली मासा लपतो.

शिंपले, कुर्ल्या आणि मोठं बिल

आव्हेनिदा आल्मिरांत रेइशच्या सुरुवातीला १९५६ पासून सेर्व्हेजारिया रामिरु हे शिंपले-कुर्ल्यांचं हॉटेल आहे. सोमवारी बंद. रांग नेहमीची, पण उघडायच्या वेळी गेलात तर लवकर लागते. इथेही सगळं किलोवर. दोघांसाठी एक ताट अमेइजुआश आ बुल्याँव पातु मागवा. तिसऱ्यांसारखे शिंपले, त्यात लसूण, ऑलिव्ह तेल, कोथिंबीर, लिंबू. खोबऱ्याशिवाय तिसऱ्या कशा, असं वाटेल. खाली उरलेला रस पावाने पुसल्यावर वाटणार नाही. मग २०० ते ३०० ग्रॅम लसणीतली कोलंबी, एखादी सापातेइरा. ही कुर्ली गारच वाढतात, शिळी नव्हे. ‘रेशेयादा’ मागवलीत तर गाभा मेयोनेजमध्ये कालवून कवचात भरून येईल. कुर्ली फोडून खाता येत असेल तर साधी उकडलेली घ्या. काराबिनेइरुश, म्हणजे लाल, राजेशाही दिसणाऱ्या मोठ्या कोलंब्या, ताटात टाकायला वेटर उत्सुक असेल. दोन-चार नगांतच पोटभर जेवणाचे पैसे जातात. शेवटी तिथे गोडाऐवजी प्रेगु खातात, पावात घातलेला लसणीतला तुकडा. तो गोमांसाचा असतो, न खाणाऱ्यांनी आधीच नको म्हणावं. माणशी ४० ते ६० युरोची तयारी ठेवा. तेवढे नसतील तर काइश दु सोद्रे धक्क्यावरून दहा मिनिटांची फेरीबोट पकडून पलीकडे काशील्याशला जा. उतरल्यावर समोरच पायी चालायचा रस्ता आहे, दोन्ही बाजूंना मासळीची हॉटेलं, आणि दर जरा नरम.

न खाणाऱ्यांनी काय बघावं

पोर्कु डुक्कर, वाका गाय, व्हितेला वासरू, फ्रांगु कोंबडी, बुर्रेगु मेंढीचं कोकरू, काब्रितु बकरीचं. एवढे सहा शब्द पाठ करा. कॅफेच्या काचेत समोसे दिसतील, त्यांना शामूसा म्हणतात. आत बटाटा नसतो, बहुधा खिमा असतो आणि तो गाईचा असण्याची शक्यता मोठी. ‘काल्दु व्हेर्द’ ही हिरव्या पानांची सूप शाकाहारी दिसते, पण वर डुकराच्या सॉसेजची चकती असते; ‘सें शोरीसु’ म्हणून चकती निघेल, रस्सा मात्र मांसाचा असू शकतो. ‘तोश्ता मिश्ता’त हॅम असतो. गोडांतसुद्धा ‘पुदिं आबाद द प्रिश्कुश’मध्ये डुकराची चरबी असते, ‘तोसिन्यु दु सेऊ’मध्येही असू शकते. ताश्कात शाकाहारी माणसाची सोय म्हणजे भाज्यांचं सूप (‘सोपा द लेगूमश’), ऑम्लेट, सॅलड, आणि फरसबी पिठात तळलेले ‘पेइशीन्युश दा ओर्ता’. पिठात अंडं असतं. पक्कं शाकाहारी हवं तर रुआ दु सालित्रवर ‘उश तिबेतानुश’ आहे, आणि लुमियार भागात राधाकृष्ण मंदिराच्या आवारात गुजराती पद्धतीचं जेवण मिळतं. त्याच्या वेळा आधी विचारून जा. पोट बिघडलेल्याला ‘कांजा’ द्या, कोंबडीच्या पातळ रश्शात भात. शाकाहारी नाही, पण पेजेसारखी चालते.

चौथ्या दिवशी वाटपाची आठवण आलीच तर मोउरारियात ‘तेंतासोंइश द गोआ’ आणि रुआ द साँव झोझेवर ‘जेझुश ए गोएश’ ही गोव्याची स्वयंपाकघरं आहेत. शागुती मागवा, भाजलेल्या खोबऱ्याची असते. दोन्ही जागा लहान, सांगून ठेवूनच जा.

कॉफी आणि नाता

काउंटरवर उभ्याने घेतलेली बिका, म्हणजे लहान कपातली काळी कॉफी, एक युरोच्या आसपास, तीच बाहेरच्या टेबलावर दुप्पट. चहावाल्यांनी गालाँव घ्यावं, उंच ग्लासात जास्त दुधाची कॉफी. नाता, म्हणजे पिवळ्या बलकाच्या सायीची वाटी, गरमच खायची. वर काळे डाग हवेत, तळ उलटा करून ठोकला तर खडखडीत वाजला पाहिजे. तळ मऊ असेल तर तो सकाळचा. शहराच्या पश्चिमेकडच्या बेलें भागात नाताचं १८३७ पासूनचं दुकान आहे आणि तिथे दोन रांगा असतात: बाहेरची लांब रांग बांधून नेणाऱ्यांची. आत शेकडो लोक बसतील एवढ्या खोल्या आहेत, बसून खाणाऱ्यांची रांग बऱ्याचदा लवकर सरकते. तेवढा वेळ नसेल तर कामोइंश चौकाजवळच्या मांतेइगारियात जा, नवी खेप निघाली की घंटा वाजवतात.

बिल

बसताच पाव, लोणी, ऑलिव्ह, चीज समोर ठेवतात. हे फुकट नसतं. हात लावला नाहीत तर पैसे द्यायचे नाहीत. नको असेल तर लगेच परत न्यायला सांगा, म्हणजे वाद उरत नाही. पाणी मागताना ‘नातुराल’ म्हणजे साधं, ‘फ्रेश्का’ म्हणजे गार. मेनूवरच्या दरात कर धरलेला असतो. बिल देताना ‘कोंत्रिबुइंत?’ असं विचारतात, ते तिथल्या कर क्रमांकाबद्दल आहे, ‘नाँव’ म्हणा. टीप सक्तीची नाही, आवडलं तर पाच-दहा टक्के. लहान ताश्कांत परदेशी कार्ड चालेलच असं नाही, खिशात ४० युरो रोख ठेवा. जबरदस्ती झालीच तर ‘लिव्ह्रु द रेक्लामासोंइश’ मागा. ही तक्रारवही प्रत्येक हॉटेलात ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे आणि नुसती मागितली तरी बिल अनेकदा दुरुस्त होतं.

जहाजावरून पाच तासांसाठी उतरणाऱ्यांना

रत्नागिरी-सिंधुदुर्गातली बरीच मुलं क्रूझवर आहेत, त्यांच्यासाठी वेगळं. क्रूझचा मुख्य धक्का आल्फामाच्या पायथ्याशी, सांता आपोलोनियाजवळ आहे. टॅक्सी नको. नदी डाव्या हाताला ठेवून दहा-पंधरा मिनिटं चाललात की बायशा, म्हणजे शहराचा मध्यभाग, लागतो. बेलें आणि काशील्याश दोन्ही करायला जाऊ नका, परतीची वेळ चुकते. सकाळी बिका-नाता, सव्वाबाराला मोउरारियातल्या ताश्कात प्रातु दु दिया, मग साँव दोमिंगुश चौकातल्या १८४० पासूनच्या खिडकीवजा दुकानात हवी तर जिंजिन्याचा घोट. हे आंबटगोड चेरीचं मद्य ‘कों एलाश’ म्हटलं तर फळासकट देतात. गल्ल्यांचे दगड गुळगुळीत आहेत, पाऊस पडला असेल तर रबरी तळाचे बूट घाला.

परतीच्या वाटेवर रुआ दुश बाकल्योएइरुशवर ३४ क्रमांकाला कोंसेर्व्हेइरा द लिज्बोआ लागते, १९३० पासूनचं डबाबंद माशांचं दुकान. सार्दिन्या, काव्हाला, ट्यूना. डबे कागदात गुंडाळून सुतळीने बांधून देतात. सार्दिन्या तेलातली घ्या, टोमॅटोतली घरी कोणी खात नाही. विमानाने येणार असाल तर डबे सामानाच्या बॅगेत टाका, हातातल्या बॅगेत तेलामुळे तपासणीत अडतात. बऱ्याच जहाजांवर उघडं अन्न गेटवरच काढून घेतात, तेव्हा बाकल्यावचे गोळे धक्क्याच्या अलीकडेच संपवा.